चिकटावं, पण निघावंही

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नोएडात मोबाइलच्या टेम्पर्ड ग्लासचा देशातला पहिला कारखाना सुरू झाला. बातम्यांमध्ये सगळं कौतुक काचेचं होतं. पण या प्रकरणातलं खरं विज्ञान काचेच्या पाठीवर, सिलिकॉनच्या त्या पारदर्शक थरात दडलेलं आहे, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर असो की दौंड स्टेशनच्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानात ‘दादा, ग्लास टाकून द्या’ म्हटलं की उलट प्रश्न येतो, ‘साधी टाकू की अकरा डी?’ या ‘डी’मागे कुठलंही मोजमाप नाही. पाकिटावरच्या ‘९एच’मागे आहे, पण ते पेन्सिलीचं. रंगाचा थर किती टणक आहे हे पाहायला पेन्सिल ४५ अंशांत धरतात आणि ७५० ग्रॅमचा भार देऊन पृष्ठभागावरून ढकलतात. ९एच ही त्या संचातली सर्वांत टणक पेन्सिल. तीही ग्रॅफाइट आणि चिकणमातीचीच. खिडकीच्या साध्या काचेवरही तिचा ओरखडा उठत नाही. फ्रिडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या खनिजांच्या मोजपट्टीवर ९ म्हणजे माणिक आणि नीलम. आपली काच तिथे सहाच्या आसपास अडकते आणि गारगोटी सातवर आहे. रस्त्याच्या धुळीत गारगोटीचे कण असतातच, त्यामुळे ‘९एच’ काचेवरही चरे पडतात. ते मूळ स्क्रीनऐवजी वरच्या काचेवर पडतात, एवढाच तिचा उपयोग. तो कमी नाही, पण पाकिटावर लिहिलेला तो नव्हे.

आता काउंटरवर काय होतं ते जवळून पाहा. एक नंबरच्या ओल्या कागदाने स्क्रीन पुसली जाते, दोन नंबरच्या कोरड्याने सुकवली जाते, उरलेले कण स्टिकरने टिपले जातात. मग काचेच्या पाठीवरचं प्लॅस्टिक सोलून ती स्क्रीनवर अलगद सोडतात आणि मधोमध एकदा बोट टेकवतात. बोटाखाली एक गडद डाग उमटतो आणि कोणी न दाबता आपणहून कडेपर्यंत पसरत जातो. सिलिकॉन आणि स्क्रीन पुरेसे जवळ आले की त्यांच्या रेणूंमधली व्हॅन डर वाल्स ओढ पुढचा भागही खेचून घेते. डाग गडद दिसतो कारण मधली हवा गेली की प्रकाश उलटा फेकणारा पृष्ठभागच उरत नाही. त्या काही सेकंदांचा सोहळा मला दर वेळी तितकाच देखणा वाटतो.

हे सिलिकॉन ना धड द्रव, ना धड घन. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर काकवी पाहिली असेल तर कल्पना येईल: वेळ दिला की ती हळूहळू प्रत्येक खाचेत उतरते. सिलिकॉनही तसंच उतरतं, फक्त ओढल्यावर काकवीसारखं वाहून न जाता रबरासारखं ताणून धरतं. पदार्थ नेमका किती मऊ असला म्हणजे नुसत्या स्पर्शाने चिकटेल, याचं उत्तर अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या कार्ल डालक्विस्ट यांनी १९६० च्या दशकात दिलं. त्यांची मर्यादा साधारण तीन लाख पास्कल. रबरबँडचा ताठरपणा दहा लाखांच्या घरात असतो, म्हणून तो कितीही दाबला तरी चिकटत नाही. त्याच कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांचा १९६८ मधला ‘कमजोर’ गोंद पुढे पिवळ्या चिठ्ठ्यांमुळे जगभर गाजला. डालक्विस्ट यांचं नाव गोंदाचा अभ्यास करणाऱ्यांबाहेर फारसं कोणी घेत नाही. सेलोटेप असो, जखमेवरची पट्टी असो की स्क्रीन गार्ड, सगळ्यांना लागू पडणारा नियम देणाऱ्या माणसाचं नाव पाठ्यपुस्तकात असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

बबल येतो तो बहुधा प्लॅस्टिक सोलण्याच्या क्षणामुळे. दोन पृष्ठभाग वेगळे होताना विद्युतभार तयार होतो आणि हवेतली धूळ काचेकडे झेपावते. हा भार क्षुल्लक समजू नका. निर्वात जागेत चिकटपट्टी सोलली की वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच नोंदवलं होतं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तशाच पट्टीतून निघालेल्या क्ष-किरणांनी बोटाच्या हाडाचं चित्र घेतलं! दुकानात क्ष-किरण नसतात, कारण तिथे हवा असते. धूळ मात्र असते. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा भार लवकर ओसरत नाही, पावसाळ्याच्या दमट हवेत तो झटकन निघून जातो. नुसत्या हवेचा बारीक बुडबुडा सिलिकॉनमधून एक-दोन दिवसांत जिरतो, कारण सिलिकॉन वायूंना सहज वाट देतं. कणाभोवतीचा जिरत नाही: काच ताठ असल्याने कणावर ती तंबूसारखी उचलली जाते आणि न दिसणाऱ्या कणाभोवती चांगलं ठळक चंदेरी वर्तुळ उमटतं.

लॅपटॉपची फिल्म मोठी आणि लवचीक असते, म्हणून तिचं प्लॅस्टिक एकदम न काढता एका कडेपासून थोडं थोडं सोलत, कार्डाने हवा पुढे सारत जायचं. खरखरीत मॅट स्क्रीनवर सिलिकॉनला सलग स्पर्शच मिळत नाही, तिथे फिल्म धड बसणार नाही. वक्र स्क्रीनसाठी यूव्ही दिव्याखाली घट्ट होणारा द्रव गोंद वापरतात. तो स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांच्या फटीत शिरून तिथेच घट्ट झाला तर काढता येत नाही. माझ्या मते तो टाळावा.

चिकटावं, पण निघावंही, हा न्याय घरातल्या फ्रिजलाही लागू. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिज तयार होतात. अशा फ्रिजच्या दारावरची फिल्म घरी पोहोचेपर्यंत चरे पडू नयेत एवढ्यासाठीच असते. नवेपण टिकावं म्हणून आपल्याकडे ती वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. गोंद मात्र दिवसेंदिवस पृष्ठभागात अधिक खोल उतरत राहतो, ऊन आणि उष्णता त्याला आणखी घट्ट करतात, आणि शेवटी फिल्म फाटते व डाग राहतात. तेव्हा फ्रिज असो की नवा लॅपटॉप, कारखान्याची फिल्म पहिल्या आठवड्यातच काढा. आणि पुढच्या वेळी मोबाइलला ग्लास टाकताना अकरा डी मागू नका. साधी काच घ्या, दुकानदाराला तेवढा पंखा बंद करायला सांगा आणि प्लॅस्टिक सावकाश सोलायला सांगा.