खाऱ्या टाकीतली रात्रपाळी

रात्री साडेदहा-अकराला टीव्ही बंद होतो, रस्त्यावरच्या रिक्षा कमी होतात आणि आमच्या पुढच्या खोलीत टिक्... टिक्टिक्... असा बारीक आवाज सुरू होतो. पहिल्या रात्री आईला वाटले, पाल असेल. दुसऱ्या रात्री तिनेच टाकीकडे बोट दाखवले. दिवसभर ज्या टाकीत वाळू आणि चार काळे दगड यांपलीकडे काही दिसत नव्हते, तिच्यातून तो आवाज येत होता. शंख काचेवर आपटत होते.

टाकी लहानच आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच; पाणी सुमारे ४५ लिटर. रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी आणलेले सहा शंखातले खेकडे, काही समुद्री गोगलगायी आणि दगडांबरोबर न बोलावता आलेली बरीच मंडळी तिच्यात राहतात. शंखातल्या खेकड्याला इंग्रजी पुस्तकांत हर्मिट क्रॅब, म्हणजे संन्यासी खेकडा म्हणतात. नाव काही खरे नाही. त्याचे पोट मऊ आणि पीळदार असते. ते गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घालून तो हिंडतो, आणि शेजाऱ्याचा शंख आपल्यापेक्षा बरा दिसला तर त्यासाठी भांडतो. असा संन्यासी विरळाच. टाकीत वेगवेगळ्या आकारांचे रिकामे शंख ठेवले नाहीत तर ही भांडणे वाढतात.

सोलापुरात समुद्राचे पाणी टिकवायचे म्हणजे मुख्य शत्रू ऊन. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले २७ ग्रॅमच्या आसपास आपले जेवणातले मीठ आणि बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार. म्हणून स्वयंपाकघरातले मीठ नळाच्या पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. एक तर किनाऱ्यावरून कॅनमध्ये पाणी आणावे, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे तयार समुद्री क्षारांचे मिश्रण वापरावे.

माझी पहिली टाकी एप्रिल महिन्यात मेली, आणि ती माझ्या चुकीने मेली. पाणी आटत होते, मी दर आठवड्याला खारे पाणीच वरून घालत होतो. समुद्राचे प्राणी, तेव्हा समुद्राचेच पाणी, असा साधा विचार. पण वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ जागच्या जागी राहते. मिठागरात हेच होते आणि आपण ते सातवीच्या वर्गात शिकवतो! ४५ लिटरमधले ५ लिटर आटले की लिटरला ३५ ग्रॅमचे सुमारे ३९ ग्रॅम होतात. त्यात मी आणखी मीठ ओतत होतो. खेकडे शंख सोडून बाहेर पडू लागले तेव्हा उशीर झाला होता. त्याआधी चार-पाच रात्री टाकीतला आवाज थांबला होता, तो मी विश्रांती समजलो. आता काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारलेली आहे आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडे पाणी घालतो. नळाचे असेल तर दिवसभर उघडे ठेवून, क्लोरीन उडून गेल्यावर.

उन्हाळ्यात टाकीवर लहान पंखा लावावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत माठ गार होतो तसेच टाकीतले पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते. अर्थात आटतेही जास्त. पाणी गार ठेवण्याला आणखी एक कारण आहे. २० अंश सेल्सिअसला समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सहाच्या थोडा वर. त्यातून रात्री शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबते आणि श्वसन मात्र चालूच राहते, त्यामुळे पहाटेच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला की काय होईल, हे वेगळे सांगायला नको. बॅटरीवरचा छोटा पंप जवळ असावा.

आता पाहण्याचा प्रश्न. खोलीतला दिवा लावला की टिकटिक थांबते आणि आपल्याला पुन्हा वाळू व दगडच दिसतात. पाहण्यासाठी उजेड हवा, आणि उजेड पडला की पाहण्यासारखे काही उरत नाही. या पेचातून लाल प्रकाश वाट काढून देतो. समुद्राचे पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते; खोलवर पोचतो तो निळा-हिरवा. बहुतेक सागरी कवचधारी प्राण्यांचे डोळे त्या निळ्या-हिरव्यालाच सर्वाधिक संवेदनशील असतात, लालला फारच कमी. सगळ्यांचे तसे नाही. मँटिस श्रिम्प या प्राण्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी असतात, त्याला लाल दिव्याने फसवता येणार नाही. पण आपल्या टाकीतल्या सामान्य मंडळींसाठी मंद लाल प्रकाश म्हणजे जवळजवळ अंधारच.

गणपतीच्या सजावटीचा लाल जिलेटीन कागद बॅटरीच्या तोंडावर दोन-तीन पदरी बांधावा. तो पुरेसा लाल आहे का, हे तपासायला घरातली जुनी सीडी उपयोगी पडते. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा प्रकाश सीडीवर तिरपा टाकला की त्यातले रंग वेगळे होऊन दिसतात. हिरवा किंवा निळा पट्टा दिसला तर आणखी एक पदर वाढवावा. मग दिवे घालवून वीस-पंचवीस मिनिटे गप्प बसावे. आपले डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. विद्यार्थ्यांना ही वीस मिनिटे सर्वांत कठीण जातात. माझ्याकडे येणाऱ्या नववीच्या मुलांपैकी निम्मी पहिल्या दिवशी इथेच गळाली.

जी टिकली त्यांना काय दिसले? आधी गोगलगायी वर चढल्या, काचेवर शेवाळ खरवडत, मागे स्वच्छ पट्टा सोडत. मग खेकडे. मग वाळूच्या पृष्ठभागावर पिसवांसारखे काही टुणटुणू लागले. ते अँफिपॉड, कोळंबीचे लांबचे नातेवाईक. तांदळाच्या कणीएवढे आणि दिवसा दगडांच्या फटींत. शेवटी एका दगडाखालून बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंना केसांच्या झुबक्यांची रांग असलेला किडा अर्धाच बाहेर आला. वलयी प्राण्यांच्या धड्यात नेरीसचे चित्र असते, त्याचाच भाऊबंद. अर्धा बाहेर, अर्धा आत. जरा कंप जाणवला की सर्रकन मागे. (त्याला बोटाने हात लावू नये. यांच्यातल्या काहींचे केस कातडीत मोडून राहतात आणि आग होते.)

या किड्यावर मुलांनी एकदा खुनाचा आळ घेतला. संध्याकाळी वाळूवर एक खेकडा पाय पसरून पडलेला होता आणि रात्री लाल उजेडात किडा त्याच्याशी झोंबताना दिसला. गुन्हेगार रंगेहाथ सापडला, पंचनामा झाला. पण खेकडे मोजले तर सहाच्या सहा हजर! पडलेले प्रेत म्हणजे एकाने टाकलेली कात होती. संधिपाद प्राण्यांचे बाह्य कवच वाढत नाही, ते टाकूनच त्यांना वाढावे लागते, हे मुलांनी परीक्षेत लिहिले होते. पण डोळे, मिशा आणि नांग्यांसकट पूर्ण खेकडा पोकळ निघू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. कात पोकळ आणि अर्धपारदर्शक असते, तिला कुजका वास येत नाही. ती लगेच काढून टाकू नये. तिच्यातला चुना टाकीतली मंडळी खाऊन परत वापरतात.

मग एका मुलीने विचारलेला प्रश्न आम्हाला अजून पुरला आहे. “सर, हे अंधार पडतो म्हणून बाहेर येतात, की त्यांची वेळ झाली म्हणून?”

किनाऱ्यावरच्या प्राण्याला दोन घड्याळे सांभाळावी लागतात. एक सूर्याचे, चोवीस तासांचे. दुसरे भरती-ओहोटीचे, ते रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. कोकणात याचा ढोबळ हिशेब ‘तिथीची पाऊणपट’ असा करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास ओहोटी. बंदराप्रमाणे यात कमीजास्त होते, पण आपल्या कामाला हा हिशेब पुरतो. दाते पंचांग तर सोलापुरातच निघते, त्यामुळे रत्नागिरीला आत्ता भरती आहे की ओहोटी, हे आम्ही इथे बसून सांगू शकतो. प्रश्न एवढाच, की टाकीतल्या खेकड्यालाही ते सांगता येते का?

अशा प्राण्यांवर जुने प्रयोग आहेत. फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या किनाऱ्यावर एक हिरवा, चपटा, इवलासा किडा असतो. ओहोटीला तो वाळूवर येतो आणि भरतीच्या आधी वाळूत शिरतो. प्रयोगशाळेतल्या भांड्यात, जिथे लाट नाही की भरती नाही, तिथेही तो काही दिवस हे वेळापत्रक पाळतो, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दिसले होते. १९५८ साली अर्नेस्ट नेलर यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यांची अशीच नोंद प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत भरती नसतानाही भरतीच्या वेळी त्यांची हालचाल वाढत असे. अमेरिकेत फ्रँक ब्राउन यांनी समुद्रकाठची कालवे शेकडो मैल आत, इव्हान्स्टन गावी नेली आणि १९५४ मध्ये असा दावा केला, की दोन आठवड्यांनी ती नव्या गावच्या चंद्राप्रमाणे उघडू लागली. हा दावा अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. आकडेवारी हाताळण्याची त्यांची पद्धतच वादात सापडली. पण प्रश्न विचारण्याची जागा त्यांनी बरोबर निवडली होती. भरतीचा मागमूस नसलेले गाव! त्या दृष्टीने सोलापूर काही वाईट नाही.

आमची पद्धत अशी. टाकीवर दिवस-रात्रीचा नेहमीचाच उजेड. सायंकाळी सातपासून अकरापर्यंत दर तासाला दहा मिनिटे लाल प्रकाशात पाहायचे आणि सहापैकी किती खेकडे चालत आहेत, तेवढेच लिहायचे. अकरानंतर मोबाइल फोन काचेसमोर ठेवून दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र. धावपळ फक्त अंधारामुळे असेल, तर तिची वेळ रोज तीच राहील. भरतीमुळे असेल, तर दहा रात्रींत ती सुमारे आठ तास सरकेल. हा फरक सहज दिसण्याइतका मोठा आहे. फक्त सात ते अकरा पाहून भागत नाही, हेही यावरूनच कळते. सरकलेली वेळ पहाटे किंवा भर दिवसा गाठली तर आपण म्हणणार, आज खेकडे सुस्त आहेत.

एक खोट आम्ही पहिल्या खेपेला ओढवून घेतली होती. रोज रात्री आठला भिजवलेल्या सुकटीचा तुकडा टाकत होतो. साहजिकच आठला सगळे बाहेर! ती शिस्त आम्ही लावलेली होती. आता खाणे दिवसातून कधीही, चिठ्ठी काढून ठरवलेल्या वेळी, आणि तेही एक दिवसाआड. सध्याच्या वहीतली पहिल्या आठवड्याची पाने आणि तिसऱ्या आठवड्याची पाने सारखी दिसत नाहीत, पण सहा खेकडे आणि एक टाकी यांवर काही ठोकून देणे बरे नव्हे. दुसऱ्या शाळेने वेगळ्या तिथीला आणलेल्या खेकड्यांवर हेच केले पाहिजे.

आणताना मात्र मोह आवरावा. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा खडक दुकानात ‘जिवंत दगड’ म्हणून कोणी देऊ केला तरी घेऊ नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून राखीव आहे. तिथे पाहावे, उचलू नये. कालवेही टाकीसाठी आणू नयेत. ती पाणी गाळून खातात, लहान टाकीत उपाशी मरतात आणि पाणी नासवतात.

ज्यांना किनारा गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी, आणि खरे तर आमच्यासाठीही, शेजारी आता दुसरी टाकी मांडली आहे. तिच्यात हिप्परग्याच्या तलावातल्या गोगलगायी आणि गोड्या पाण्यातली झिंगे आहेत. त्यांच्या तलावात भरती कधीच नव्हती. तीही रात्रीच बाहेर येतात. त्यांची वेळ सरकते का, हे पाहायला येत्या अमावास्येपासून सुरुवात करायची आहे. पाळीची यादी मुलांनी स्वतःच केली आहे, आणि त्यात पहाटे चारची पाळी माझी आहे.