उलटी दुरुस्ती

गिरगावातून ऑपेरा हाउसच्या फ्रेंच ब्रिजकडे गेलं की मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं लागतात. जेट, फ्लोट, गॅस्केट, जुन्या फियाटचं काहीही हवं असलं की मेकॅनिक वर्षानुवर्षं इथंच यायचे. मुंबईत कार्ब्युरेटर कळणारे हात तयार झाले ते टॅक्सीमुळे, मोठ्यांच्या शौकाच्या गाड्यांमुळे नव्हे.

ही टॅक्सी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी: 1089 सीसीचं इंजिन आणि एक कार्ब्युरेटर. ना सेन्सर, ना संगणक. हवा अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथं दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल आपसूक ओढलं जातं. उन्हाळ्यात इंजिनाच्या इंधनपंपातच पेट्रोलची वाफ झाली की टॅक्सीवाला पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचा. सीएनजी आला तेव्हा कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मिक्सर बसला, सिलिंडरनं डिकी अडवली आणि सामान टपावर गेलं.

जुन्या स्पोर्ट्स कारच्या शौकिनांत मात्र उलटी दुरुस्ती चालते: इंजेक्शन, म्हणजे दाबानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, काढून कार्ब्युरेटर बसवण्याची. ब्रिटनच्या ट्रायम्फनं 1967 मध्ये टीआर5 ला लुकासचं पेट्रोल इंजेक्शन दिलं, दावा 150 हॉर्सपॉवरचा. अमेरिकेतल्या धुराच्या नियमांपायी तीच गाडी तिथं टीआर250 नावानं, दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर लावून विकली. लुकासचा पंप तापला की रुसायचा आणि तो उघडायची हिंमत थोड्यांचीच. तेव्हा पुढे अनेक मालकांनी कंपनीचाच अमेरिकी मार्ग धरला.

काम दिसतं तितकं सोपं नाही. लुकासच्या पंपाचा दाब शंभर पीएसआयच्या घरात, कार्ब्युरेटरला तीन-चार पुरे. जुनाच पंप ठेवला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल तापल्या इंजिनावर सांडतं आणि आग लागू शकते. मॅनिफोल्ड बदलावा लागतो. नंतरच्या काळातल्या गाडीत ठिणगीची वेळही संगणकच ठरवत असेल तर डिस्ट्रीब्यूटर आलाच.

खरी कसोटी त्यानंतर. मुरलेला मेकॅनिक जेटमध्ये तार घालत नाही, भोक मोठं होतं म्हणून, हवेनं फुंकतो. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीडेक फेरा बाहेर. दोन कार्ब्युरेटर असले की रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीनं प्रत्येक गळ्याशी. दोन्हीकडचा फुस्स सारखा येईपर्यंत मेकॅनिक थ्रॉटलचा स्क्रू फिरवतो. शेवटी प्लग काढून बघायचा: काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे जमलं.

हे शिकवणारी टॅक्सीची शाळा आता उरलेली नाही. 2000 नंतर धुराचे नियम कडक होत गेले, नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर गेला. 2020 मध्ये नव्या दुचाकींतूनही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली.

माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीवर हा उद्योग करू नये: मायलेज घटतं, पीयूसी अडते आणि कायदा मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. शौकाच्या गाडीचंही दोनदा पाहा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात राहिलेली असली तरच. तरीही करणारच असाल, तर आधी मेकॅनिक शोधा, मग कार्ब्युरेटर; आणि काढलेलं इंजेक्शन भंगारात देऊ नका.