मुलांची खरेदी : डोळ्यांनी आणि हातांनी

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजाराला गेलेला माणूस एक वेळ मीठ विसरेल, पण पोराचा खाऊ आणि खेळणे विसरत नाही. उंबऱ्यात पाऊल पडायच्या आत "बाबा, काय आणलंत?" अशी आरोळी येते आणि दिवसभराचा शीण निघून जातो.

पण मंडळी, एक गंमत बघा. गूळ घेताना आपण खडा जिभेवर ठेवतो. बैल घेताना दात बघतो. खेळणे घेताना मात्र रंग बघायचा, भाव पाडायचा आणि पिशवीत टाकायचे! ज्याच्यासाठी घेतो तो आपला सगळ्यात लाडका, आणि पारख मात्र सगळ्यात कमी. आज ही पारख कशी करावी तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट आकाराची. तान्हे मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते. हाती आले की ते तोंडात गेलेच. म्हणून तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या खेळण्यात सुटणारी चाके, मणी, गुंड्या नकोत. तपासणीच्या नळकांड्याची रुंदी सुमारे 3.2 सेंटिमीटर असते. त्यात जो तुकडा पुरता मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. दुकानातच चाक ओढून पाहा, बाहुलीचा डोळा नखाने उचकून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. दोरीही वीतभरापेक्षा लांब नको. ती गळ्याभोवती बसते.

दुसरी गोष्ट गुंडीएवढ्या चपट्या बॅटरीची. दिवे लागणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांत ती असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. तेव्हा बॅटरीचे झाकण स्क्रूने पक्के बसलेले असेल तरच ते खेळणे घ्या. आणि मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी ओकारी काढत बसू नका, 'पडेल शौचावाटे' म्हणून वाटही पाहू नका. तडक एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा.

तिसरी गोष्ट रंगाची. ओले पांढरे फडके घासले आणि रंग उतरला, तर खेळणे परत ठेवा. पण रंग उतरला नाही म्हणजे तो निर्धोक, असे मात्र नाही. रंगातले शिसे डोळ्यांना दिसत नाही, आणि मुलाच्या वाढत्या मेंदूला ते फार अपाय करते. म्हणून छाप पाहावा. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय छाप सक्तीचा आहे. छापाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. साध्या खेळण्यासाठी आयएस 9873, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यासाठी आयएस 15644. खाली परवान्याचा क्रमांक असतो. मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घालून खराखोटा पडताळता येतो.

आता कोणी विचारील, "मग आमच्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे काय?" हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. तेव्हा चितारआळीतल्या लाकडी फळांवर छाप दिसला नाही, तर दचकू नका. तिथे माणूस समोर असतो, त्यालाच विचारा, "दादा, लाकूड कुठलं? रंग लाखेचा की डब्यातला?" लाखकामात लाकूड चरकावर फिरते, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी देतात. खरा कारागीर हे हौसेने सांगेल.

घराच्या सजावटीलाही हाच न्याय. आजोबांच्या वेळचा पाळणा काढलात तर त्याचा जुना रंग कोरडा खरवडू नका. त्या धुळीत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. जुने थर त्याआधीचे. पाळण्याच्या दोन गजांत सहा सेंटिमीटरहून अधिक फट नको. उंच फडताळ भिंतीला पट्टीने जखडा. मुले खणांच्या पायऱ्या करून वर चढतात. आणि भिंतीवर खाली, मुलाच्या हाताला येईल अशी, हातभर उंचीची काळी पट्टी रंगवून द्या. खडूचे चार तुकडे दिलेत की त्याहून देखणी सजावट विकत मिळायची नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक आठवण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परदेशी महागडी साधने गावाला परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, खडे, पाने अशा भोवतालच्या वस्तूंचीच त्यांनी साधने केली. तुमच्या वर्गातही हे होईल. फक्त अगदी लहानग्यांना चिंचोके देऊ नका, मघाच्या नळकांड्याची आठवण ठेवा. आणि पुढच्या पालकसभेत एखादे खेळणे हातात धरून ही पारख करून दाखवा. सांगितलेले विसरते, पाहिलेले राहते.

तर मंडळी, पुढच्या बाजाराला जाल तेव्हा खेळणे जरूर घ्या. घासाघीसही करा. पण त्याआधी चाक ओढून बघा, झाकण बघा, छाप बघा. एवढे केलेत की पोराच्या हाती पडलेले खेळणे तोंडात गेले, तरी तुमच्या पोटात गोळा उठायचा नाही.