‘सरपास’ म्हणजे केवळ ‘मागे टाकणे’ नव्हे

‘सरपास’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘मागे टाकणे’ एवढाच आहे, असा समज शालेय शब्दार्थसूचीतून रुजला आहे. हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत आले असून त्याची फोड ‘वर’ आणि ‘जाणे’ अशी होते. त्यामुळे त्यात प्रतिस्पर्धी असावाच लागतो असे नाही. एखादा गायक स्वतःच्याच आजवरच्या गाण्याहून सरस गातो, तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद योजले जाते, आणि एखादे दृश्य वर्णनाला ‘सरपास’ करते तेव्हा मराठीत ते ‘वर्णनापलीकडचे’ ठरते, तिथे कोणीही मागे पडलेले नसते.

दुसरा गैरसमज व्याकरणाचा आहे. मराठीत तुलना ‘पेक्षा’ने होत असल्याने अनेक जण या क्रियापदापुढे ‘दॅन’ जोडतात. परंतु ते सकर्मक आहे, म्हणजे ज्याच्यावर सरशी होते तो शब्द त्याला थेट कर्म म्हणून जोडला जातो, आणि ‘पेक्षा’चा भाव त्याच्या अर्थातच सामावलेला असतो. याउलट ‘एक्सेल’ हे प्रावीण्य दाखवणारे क्रियापद सहसा कर्माशिवाय येते आणि ज्या विषयात प्रावीण्य असेल त्याच्याआधी ‘इन’ किंवा ‘अ‍ॅट’ घेते.

सर्वांत जास्त घोटाळा ‘एक्सीड’बाबत होतो. ते नेहमी उल्लंघनच सुचवते, असे मानणे चुकीचे आहे, कारण वेगमर्यादेबाबत ते दोष दाखवते, तर अपेक्षेबाबत कौतुक. म्हैसूरच्या कन्नडमध्ये ‘मीरु’ हे एकच क्रियापद नियम मोडण्यासाठीही चालते आणि ‘निरीक्षे मीरि’ म्हणजे अपेक्षेपलीकडे, असे सांगण्यासाठीही. दुसऱ्याहून वरचढ होण्यासाठी मात्र ‘मीरिसु’ हे त्याचेच वेगळे रूप आहे. मराठीला ही सोय नाही: मर्यादा ‘ओलांडली’ जाते, पण ‘अपेक्षा ओलांडली’ हे कानाला खटकते आणि तिथे ‘अपेक्षेहून सरस’ असेच म्हणावे लागते. ही मराठीची उणीव नव्हे. ‘सवाई’, ‘वरताण’, ‘मात करणे’ आणि काहीशी अतिरेकाची छटा असलेले ‘कडी करणे’ असे बारकावे एकट्या ‘सरपास’ला पेलता येत नाहीत.

हा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. म्हैसूर येथे 1969 मध्ये भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि उच्च शिक्षणातील ज्ञानग्रंथ भारतीय भाषांत आणण्यासाठी 2008 मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अनुवाद अभियान याच संस्थेकडे सोपवण्यात आले. अशा ग्रंथांत ही क्रियापदे पदोपदी येतात, आणि ‘प्रमाण ओलांडले’ व ‘प्रमाण अधिक भरले’ यांतला फरक चुकला, तर साधे निरीक्षणही दोषारोपासारखे वाचले जाते. म्हणून अनुवादकाने कोशातला पहिला प्रतिशब्द उचलण्याआधी त्या क्रियापदाचे कर्म पाहावे.