थेरपी मांजर म्हणजे नेमकं काय?

कन्हानच्या मांजरप्रेमींनो, रुग्णांना भेटायला जाणारी मांजरं खरंच असतात बरं का! अमेरिकेत 1977 साली सुरू झालेली 'पेट पार्टनर्स' ही संस्था कुत्र्यांसोबत मांजरांचीही नोंदणी करते. मांजर किमान एक वर्षाचं हवं, रेबीजची लस घेतलेलं हवं आणि कच्चं मांस खाणारं नको. स्वभाव तर नीट पारखतातच: अनोळखी हात, व्हीलचेअर, भांड्यांचा खणखणाट, सगळं शांतपणे सहन करणारं मांजर क्वचितच सापडतं.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात मीनल कविश्वर यांच्या 'अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन'ने प्राण्यांच्या मदतीने उपचाराचं काम रुजवलं, तेही प्रामुख्याने कुत्र्यांसोबत.

कुत्रेच का? अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये सुचवलं की, रुग्णालयात मांजरं आणू नयेत. मांजराला कुत्र्याइतकं खात्रीशीर शिकवता येत नाही, ते ओरबाडू शकतं, शिवाय त्याच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. मी मांजरवेडी असूनही मला हे पटतं. वॉर्डापेक्षा वृद्धाश्रम ही मांजरासाठी कितीतरी चांगली जागा.

घरी आजारी माणूस असेल आणि मांजरही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. केमोथेरपी सुरू असेल किंवा उघडी जखम असेल, तर नक्कीच. लसीकरणासाठी नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. मांजराला नेताना पिशवीत कोंबू नका, हवेशीर पिंजरा वापरा.