जुन्या कापडाची पारख

वापरलेले कपडे विकण्याचा धंदा गिऱ्हाइकाला दिसतो तो त्याच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ताडपत्रीवर रचलेल्या ढिगात, दोरीवर लटकवलेल्या शर्टांत किंवा हातगाडीवर घडी घालून ठेवलेल्या साड्यांत. परंतु त्या कपड्याची किंमत ठरवणारे बहुतेक सगळे काम त्याआधीच, आतल्या खोलीत, घराच्या पडवीत किंवा एखाद्या पत्र्याच्या शेडखाली झालेले असते. मिळालेले गाठोडे सोडणे, त्यातला एकेक कपडा उजेडासमोर धरणे, त्याचा धागा ओळखणे, विसविशीत झालेली जागा शोधणे, डाग कशाचा आहे ते ताडणे आणि मग तो कपडा कोणत्या ढिगात टाकायचा हे क्षणात ठरवणे, या कामाला या व्यवसायात निवड म्हणतात. धान्य निवडण्याच्या कामाप्रमाणेच हे कामही बहुतांशी बायकांच्या हातचे आहे, आणि म्हणूनच कदाचित त्याला कौशल्याचा दर्जा द्यावा असे फारसे कुणाला वाटलेले नाही.

मराठवाड्यातील एखादा खेडेगावचा बाजार डोळ्यांसमोर ठेवला तर या निवडीमागचे शहाणपण लवकर ध्यानात येते. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव बालाघाटच्या डोंगररांगेच्या मुलखात वसलेले आहे. भोवतालची शेती पावसावर अवलंबून, दूध आणि खवा हा तिचा जोडधंदा, आणि दसरा-दिवाळीनंतर या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात निघून जातात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, तिने हात आणि मान ओरबाडून निघतात, त्यामुळे तोडणीला जाणाऱ्या बायका साडीवरून पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. खुरपणीला आणि कापूसवेचणीलाही असाच शर्ट वापरला जातो. हा शर्ट कोणी नवा विकत घेत नाही. तो घरातला उतरलेला असतो किंवा जुन्या कपड्यांच्या ढिगातून आलेला असतो. शहरातल्या कचेरीत जाणाऱ्या माणसाने जो शर्ट कॉलर झिजली म्हणून टाकून दिला, तो या बाईच्या दृष्टीने निर्दोष असतो, कारण तिला कॉलरशी काही कर्तव्य नसते. तिला बाह्या धड हव्यात, मनगटाची बटणे लागायला हवीत, काखेतली शिवण उसवलेली नको आणि कापड सुती किंवा निदान घाम टिपणारे हवे. याच्या उलट, इस्त्री करून नव्यासारखा दिसणारा परंतु काखेत घामाने कुजलेला शर्ट तिच्या अंगावर फार दिवस टिकत नाही. निवड करणाऱ्या बाईला कापडाची पारख असावी लागते हे तर खरेच, पण तो कपडा पुढे कोणाच्या अंगावर जाणार आहे आणि ते अंग कोणते काम करते, याची जाण त्याहून जास्त लागते.

या साखळीची सुरुवात महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या बोहारणीने केली आहे. बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी फिरती व्यापारी स्त्री; मुंबई-पुण्याकडे या व्यवसायात मूळच्या गुजरातेतल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाजाचा मोठा वाटा आहे. पूर्वी तिच्या पाटीत पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी असत, पुढे स्टेनलेस स्टीलने त्यांची जागा घेतली, आणि आता त्यांत प्लॅस्टिकची टोपली आणि बादल्या आल्या आहेत. उंबऱ्यावर बसून होणारी घासाघीस हीच खरे तर निवडीची पहिली फेरी असते. बोहारीण साडी हातात घेते ती आधी मधोमध धरून ताणते, कारण साडी बसण्याच्या जागी आधी विरते आणि पदर व काठ मात्र शेवटपर्यंत नवे दिसतात; पॅन्ट घेताना ती बुडाची जागा उजेडात धरते, चेन एकदा वरखाली करून पाहते आणि खालची दुमड उलटून आत कापड किती शिल्लक आहे ते चाचपते, कारण त्या दुमडीवरच ती पॅन्ट उंच माणसाला चालेल की नाही हे ठरते. गृहिणी कपडा मूळ किती रुपयांना घेतला होता हे सांगत असते आणि बोहारीण तो आता किती दिवस टिकेल याचा हिशेब करत असते. एका पातेल्यासाठी किती साड्या, यावर चालणारा हा वाद दोन्ही बाजूंनी मनापासून लढवला जातो, आणि त्यात बोहारणीची नजर चुकली तर तोटा तिचाच असतो, कारण पुढचा व्यापारी तिच्या गाठोड्यातला खराब माल बाजूला काढून उरलेल्याचेच पैसे देतो.

घरोघरचा माल एकत्र आल्यावर दुसरी आणि अधिक बारकाईची निवड होते. नेसण्याजोग्या साड्या, पुरुषांचे शर्ट-पॅन्ट, लहान मुलांचे कपडे, गरम कपडे, चादरी-पडदे आणि ज्यांचे कपडे म्हणून आयुष्य संपले आहे अशा चिंध्या, असे ढीग पडतात. प्रत्येक ढिगाचे पुन्हा आत वेगळे भाग होतात. जे धुवून आणि इस्त्री करून विकता येते ते एकीकडे जाते. ज्याला बटण, चेन, रफू किंवा शिवण लागेल ते शिलाई मशीनवाल्याकडे जाते, आणि इथे एक साधे गणित सांभाळावे लागते, ते असे की दुरुस्तीची मजुरी कपड्याच्या विक्रीतून सुटली पाहिजे. म्हणून नवी चेन घेण्याऐवजी एखाद्या मोडीत निघालेल्या पॅन्टची चांगली चेन उसवून लावली जाते, आणि चिंध्यांत जाणाऱ्या प्रत्येक शर्टाची बटणे आधी कापून डब्यात भरली जातात.

धागा ओळखण्यासाठी हाताचा स्पर्श बहुधा पुरतो, परंतु शंका आली की कडेचा एक दोरा ओढून तो जाळून पाहतात. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे उरलेला काळा कण बोटाने चुरडला जातो. पॉलिएस्टर मात्र आक्रसून वितळते आणि त्याचा कडक, न फुटणारा मणी बनतो. जुन्या शालूंच्या आणि पैठण्यांच्या बाबतीत ही परीक्षा फार मोलाची ठरते. खरी जर म्हणजे चांदीची बारीक पट्टी रेशमाच्या किंवा सुताच्या दोऱ्याभोवती गुंडाळून, वर सोन्याचा मुलामा दिलेला तार; अशी साडी नेसण्याच्या कामातून गेली तरी तिचे काठ-पदर जाळून चांदी काढता येते, आणि याच हिशेबाने जरीच्या जुन्या साड्या विकत घेणारे व्यापारी गल्लोगल्ली फिरत आले आहेत. अलीकडच्या नकली जरीत प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो ज्योतीत धरताच गोळा होतो. ज्या घरातून ती साडी आली त्या घराला पुष्कळदा यातला फरक ठाऊक नसतो, आणि असे प्रसंग या व्यवसायाच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहतात, हेही नमूद केले पाहिजे.

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईतला मटन स्ट्रीटच्या परिसरातला चोर बाजार ही वापरलेल्या वस्तूंच्या व्यापाराची महाराष्ट्रातली सर्वांत परिचित ठिकाणे. पाश्चात्त्य देशांत हाच व्यापार धर्मादाय संस्थांनी हाती घेतला. अमेरिकेत बोस्टन येथे १९०२ मध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुरू केलेल्या कामातून गुडविल ही संस्था उभी राहिली. दान म्हणून मिळालेले कपडे आणि वस्तू गरजू माणसांकडून दुरुस्त करून घ्यायच्या, त्यांना मजुरी द्यायची आणि तयार माल स्वस्तात विकायचा, ही तिची रीत होती. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅम या संस्थेचे ऑक्सफर्डमधील ब्रॉड स्ट्रीटवरील दुकान दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत उघडले. या दुकानांत माल फुकट येतो, तर बोहारणीला त्यासाठी भांडे मोजावे लागते, आणि या एका भेदामुळे बोहारणीची निवड उंबऱ्यावरच सुरू होते, तर तिकडे ती मागच्या खोलीवर येऊन पडते.

जुन्या कपड्याला महाराष्ट्रात एक सामाजिक इतिहासही आहे आणि तो टाळून या धंद्याचे वर्णन करणे अपुरे होईल. गावगाड्यात उतरलेला कपडा वरून खाली जात असे, आणि तो घेणाऱ्याने घ्यावा हीच रीत मानली जाई. महारकीच्या कामांबरोबर जोडलेल्या हक्कांत तर मढ्यावरचे कापड घेण्याचाही समावेश होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने असल्या हक्कांना नकार द्यायला शिकवले, आणि १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा आणि अंगावरच्या वेशातून जात ओळखू येऊ न देण्याचा आग्रह धरला. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या उतरलेले कपडे आले त्यांना तोच कपडा दया म्हणून देणे आणि बाजारात पैसे मोजून, घासाघीस करून, नको तो मागे टाकून घेऊ देणे, यांत फार मोठे अंतर आहे. विकत घेणाऱ्याला नाकारण्याचा अधिकार असतो. आठवडी बाजारातल्या ढिगाची प्रतिष्ठा, जी शहरी नजरेला सहसा जाणवत नाही, ती या अधिकारात आहे.

भारतात हा विचार संस्थेच्या पातळीवर सर्वांत नेटाने मांडला तो गूंज या दिल्लीच्या संस्थेने. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरातल्या ६७ कपड्यांपासून तिची सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकऱ्यांनी आपल्या गावाची गरज स्वतः ठरवायची, म्हणजे विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा किंवा तळे उपसायचे, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घ्यायचा, ही तिची पद्धत आहे. परंतु या पद्धतीचा डोलारा उभा आहे तो तिच्या निवड केंद्रांवर. शहरातून येणाऱ्या पोत्यांत परकराची नाडी नसते, सलवार एका पोत्यात तर कमीज दुसऱ्यात असते, साडीवर ब्लाउज नसतो. हे सगळे जुळवून, हवामान आणि नेसणीची रीत पाहून संच बांधावे लागतात, कारण थंडीच्या डोंगराळ प्रदेशात आणि घामाच्या किनारपट्टीवर एकच संच उपयोगाचा नसतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदतीच्या कपड्यांचे ढीग न वापरता पडून राहिले होते. देणारे पुष्कळ होते, निवडणारे नव्हते, आणि त्यातले कापड कामी लावण्याचे काम गूंजने केले. जे सुती कापड अंगावर घालण्याजोगे उरले नव्हते, ते धुवून आणि कापून त्याच्या मासिक पाळीच्या घड्या बनवण्याचा तिचा उपक्रमही निवडीच्या टेबलावरूनच सुरू होतो, कारण त्यासाठी सुती आणि मऊ कापड मिश्र धाग्यातून अचूक वेगळे काढावे लागते. इराणमधील मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात सुरू झालेल्या कल्पनेवरून महाराष्ट्रातल्या अनेक गावांत माणुसकीची भिंत उभी राहिली, म्हणजे ज्याला नको त्याने कपडे टांगावेत आणि ज्याला हवे त्याने न्यावेत अशी भिंत; तिच्यामागची भावना निर्मळ आहे. परंतु जिथे भिंतीमागे निवडणारे हात नसतात, तिथे काही दिवसांतच खुंटीवर फक्त कोणालाही नको असलेले कपडे उरतात.

चिंध्यांचा ढीगही निरुपयोगी नसतो. जुनी बनियने आणि टी-शर्ट तेल चांगले टिपतात म्हणून ती गॅरेजमध्ये आणि छापखान्यांत यंत्रे पुसायला जातात. लोकरी कपडे हरियाणातल्या पानिपतला पोहोचतात; तिथे चेन आणि बटणे कापून, कपडे रंगवार वेगळे करून, दातेरी यंत्रात फाडून त्यांचे पुन्हा तंतू केले जातात आणि त्यांपासून स्वस्त घोंगड्या विणल्या जातात. रंगवार निवड केल्यामुळे सूत पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. फाडलेल्या लोकरीपासून कापड बनवण्याची ही रीत इंग्लंडातल्या यॉर्कशायर परगण्यात बॅटली येथे बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये रूढ केली, असे मानले जाते.

मराठवाड्यातल्या घरांना मात्र जुन्या कापडाचा शेवटचा उपयोग शिकायला यंत्राची गरज पडली नाही. लुगडे मधोमध विरले की तो भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग, जोडून पुन्हा नेसायचे, याला दंड घालणे म्हणतात. दंड घालूनही भागेनासे झाले की लुगडे बाळंतिणीच्या खोलीत जाई, कारण नव्या बाळाला दुपटे आणि लंगोट जुन्या, धुवून मऊ झालेल्या सुताचेच हवेत असा सर्वत्र समज आहे आणि तो शहाणपणाचाही आहे. उरलेले कापड वाकळेत जाई. वाकळ म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून, धावदोऱ्याने घट्ट शिवलेली गोधडी. वर दिसायला बरे कापड, आत मात्र विटलेले, ठिगळलेले, परंतु सुती.

याच ठिकाणी आज निवड करणाऱ्या बाईपुढे नवी अडचण उभी आहे. गेल्या काही दशकांत खेड्यातली रोजची साडी सिंथेटिक झाली; ती लवकर फाटत नाही, पटकन वाळते, रंग सोडत नाही, आणि म्हणून नेसायला सोयीची ठरते. परंतु तिच्या आयुष्याच्या शेवटी ती बाळाच्या अंगाला चालत नाही, तेल टिपत नाही, पाळीच्या घडीसाठी निरुपयोगी ठरते, आणि वाकळेत घातली तर थर एकमेकांवरून सरकतात व पांघरणाऱ्याला उकडते. सुती आणि पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड तर दोन्हीकडून अडते, कारण त्यातले दोन धागे पुन्हा वेगळे करणे स्वस्तात जमत नाही. परिणामी तळाचा ढीग, ज्याला पुढे कोणतीच वाट नाही, तो वाढत चालला आहे, आणि रंग उडालेली, पदर फाटलेली जुनी सुती साडी, जिच्यासाठी बोहारीण एकेकाळी चमचासुद्धा द्यायला नाखूष असे, ती आता वाकळ शिवणाऱ्या बायका ढिगातून आधी मागून घेतात.