पावलाचा ठसा आणि खामगावची चांदी

दवाखान्यात बाळ जन्मले की बहुतेक ठिकाणी केसपेपरवर त्याच्या पायाचा ठसा उमटवतात आणि शेजारी आईच्या अंगठ्याचा. बाळांची अदलाबदल होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. बाळ मृत जन्मले तर मात्र शाईचे पॅड क्वचितच बाहेर निघते. ओळख पटवायची कुणाची? आई वॉर्डात असते, सलाइन लावलेली. अब्बा आणि मामू कापडात गुंडाळलेले बाळ घेऊन गावाकडे निघतात. असरच्या आधी दफन होऊनही जाते. आईने त्याला पाहिलेलेही नसते, आणि मग वर्षानुवर्षे ती घरातल्या बायकांना हळूच विचारत राहते, कसे होते हो ते?

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून एक नवी गोष्ट ऐकू येऊ लागली आहे. गमावलेल्या बाळाच्या हाताचा किंवा पावलाचा ठसा चांदीच्या पदकावर, अंगठीवर उतरवून घेणे. ऐकताना हे श्रीमंतांचे खूळ वाटते. पण याची मुळे दुकानांत नाहीत. ब्रिटनमध्ये बाळ गमावलेल्या आईबापांनी १९७८ मध्ये ‘सँड्स’ ही संस्था उभी केली. तोपर्यंत तिथेही बाळ आईला न दाखवता उचलून नेण्याचीच रीत होती. आज तिथल्या दवाखान्यांत अशा आईला एक छोटी पेटी देतात. तिच्यात बाळाच्या हातापायांचे ठसे असतात, टोपी असते, मनगटाची पट्टी असते. दागिना नंतर आला. आधी आला तो कागदावरचा ठसा.

आपल्या भागात हे शक्य आहे का? हिवरा आश्रम म्हटले की लोकांना विवेकानंद आश्रम आणि जयंतीचा महाप्रसाद आठवतो. अवघड बाळंतपण असले की मात्र इथली बाई मेहकर, नाहीतर बुलढाणा किंवा अकोला गाठते. असे ठसे घेऊन देणारे दुकान या वाटेवर शोधत बसू नये. पण याच जिल्ह्यात खामगाव आहे. रजतनगरी म्हणून त्याचे नाव दूरवर आहे आणि चांदीवर बारीक काम करणारे हात तिथे आहेत. म्हणजे चांदीची अडचण नाही. अडचण ठशाची आहे. पदक सहा महिन्यांनी करता येते, दहा वर्षांनीही करता येते. ठसा घ्यायला मात्र दफनाआधीचे दोन-चार तासच मिळतात. ते गेले की गेले.

म्हणून हे काम घरातल्या एखाद्या खालाने, फुफीने किंवा नानीने अंगावर घ्यावे. आईची हो-नाही आधी विचारावी. ती सांगण्याच्या स्थितीत नसेल तर बाळाच्या वडिलांना विचारून ठसा घेऊन ठेवावा. नर्सबाईंकडे अंगठ्याचे पॅड असतेच. बाळाचे पाऊल मऊ, कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. शाई अगदी थोडी लावावी, जास्त झाली की तळव्याच्या रेषा बुजतात आणि नुसता डाग उरतो. पाऊल कागदावर दाबू नये. जाड कागद हातात धरून टाचेकडून बोटांकडे अलगद टेकवत न्यावा. तीन-चार प्रती काढाव्यात, पहिली बहुधा बिघडतेच. गुसलच्या आधी हे केले तर शाई गुसलमध्ये धुऊनही निघते.

एक गोष्ट जपायला हवी. बाळ पोटातच काही दिवस आधी गेलेले असेल तर त्याची कातडी फार नाजूक झालेली असते, हात लावला तरी सुटते. तिथे शाईचा हट्ट धरू नये. पावलाशेजारी मोजपट्टी ठेवून खिडकीच्या उजेडात, बरोबर वरून फोटो काढावा. मोजपट्टीमुळे खरे माप कळते आणि कारागिराला तेवढे पुरते.

आता चांदीकडे. सोप्या पद्धतीत ठशाचा फोटो संगणकात घेऊन लेझरने पत्र्यावर कोरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाचे पाऊल साधारण सात-आठ सेंटिमीटर असते. ते दीड सेंटिमीटरच्या पदकावर आणले की कातडीच्या बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. उरतो तो पावलाचा आकार आणि पाच बोटांचे ठिपके. हे कारागिराने आधीच सांगायला हवे. तो सांगत नसेल तर आपण विचारावे. रेषा हव्या असतील तर पदक मोठे घ्यावे, किंवा फक्त टाच किंवा अंगठा कोरून घ्यावा. दुसऱ्या पद्धतीत चांदीची बारीक भुकटी चिकट द्रव्यात मळलेली असते. तिच्यावर आकार उमटवून ती भाजतात, चिकट भाग जळून जातो आणि चांदी उरते. भाजताना ती आकसते, म्हणून माप आधी मोठे धरावे लागते. रोज घालायचे असेल तर अगदी शुद्ध चांदी मऊ पडते. ९२.५ टक्क्यांची टिकते. कारागिराकडे मूळ कागद कधीच देऊ नये, फोटो द्यावा.

घरातल्या मोठ्यांची शंका वेगळी असते. हे आपल्या दीनमध्ये बसते का? ठशात चेहरा नसतो, बाळाच्या शरीरातले काही काढून घेतलेले नसते आणि दफनाला उशीरही होत नाही. केस किंवा नाळ पदकात भरून देणारे लोक असतात, त्यांची गोष्ट निराळी, कारण शरीराचा भाग मातीलाच द्यायचा असतो. पदकाकडून संरक्षणाची अपेक्षा ठेवली, त्याचा तावीज केला, तर ते चुकीचेच. मनात अडखळत असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, पण वरचे सगळे नीट सांगून विचारावे. आणि एक व्यवहाराची गोष्ट: हनफी मसलकप्रमाणे अंगावरच्या चांदीवरही जकातचा हिशेब असतो. हे पदक त्यात धरावे.

आईने रडू नये, आठवण काढू नये, सब्र म्हणजे गप्प राहणे, असा समज आपल्याकडे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सात अपत्यांपैकी सहा त्यांच्या हयातीतच गेली. हजरत कासिम आणि अब्दुल्लाह बालपणीच. धाकटे इब्राहीम सुमारे दीड वर्षाचे असताना त्यांच्या डोळ्यांसमोर गेले, आणि ते सर्वांदेखत रडले. सोबत्यांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी अश्रूंना रहमत म्हटले. मनाई आहे ती आक्रोशाची, कपडे फाडण्याची. जन्मताना श्वास घेतलेल्या बाळाची जनाजाची नमाज होते. मृत जन्मलेल्या पूर्ण बाळालाही हनफी मतानुसार नाव देतात, गुसल देतात, कापडात गुंडाळून दफन करतात. ज्याला नाव द्यायला सांगितले आहे, त्याचे नाव घरात कुणी घ्यायचेच नाही, हे कुठून आले?

चांदीचा आणि बाळाचा संबंध आपल्याला नवा नाही. हजरत फातिमा (र.) यांनी आपल्या मुलांचे जावळ तोलून तेवढी चांदी सदका केली होती. जे बाळ अकीक्यापर्यंत पोचलेच नाही, त्याच्या आईच्या वाट्याला तो तराजू येत नाही. पदक करायचे ठरले तर काही घरे तेवढ्याच वजनाच्या चांदीची किंमत एखाद्या गरीब बाळंतिणीच्या औषधाला देऊ शकतात. ही माझी सूचना आहे, मसला नव्हे.

प्रत्येक आईला पदक हवे असेल असेही नाही. कुणाला ते रोज गळ्यात असणे सोसवणार नाही. कुणाला पैसा तिथे घालवायचा नसतो, तेही रास्तच आहे. वडिलांना मात्र कुणी विचारतच नाही. पुरुषाला चांदीची अंगठी चालते, आणि आतल्या बाजूला कोरलेले पाऊल बाहेरून कुणाला दिसत नाही.

ठसे घेतल्यावर कागद चांगला वाळू द्यावा. मागे बाळाचे नाव, तारीख आणि दवाखान्याचे नाव पेन्सिलीने लिहून लिफाफ्यात ठेवावे. एक प्रत नानीकडे, एक दादीकडे, आणि फोटो दोन वेगवेगळ्या मोबाइलमध्ये. लिफाफा कपाटात आहे एवढे आईला एकदा सांगावे. मग तिने मागेपर्यंत विषय काढू नये, आणि तिने मागितला की काय करायचे आता म्हणून विचारू नये.